डोळ्यांखाली नेमकं काय आहे?

स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक साधासा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा जणांचे फोटो त्यांनी दोनदा काढले. एकदा रात्रीची नीट झोप झाल्यावर आणि एकदा सलग ३१ तास जागं ठेवल्यावर. मग ते फोटो चाळीस अनोळखी माणसांना दाखवले. जागरण झालेल्या चेहऱ्यांवरच्या पापण्या त्यांना जड वाटल्या, डोळे लाल आणि सुजलेले वाटले, डोळ्यांखालची वर्तुळं जास्त गडद दिसली. कोणाची झोप झाली आहे आणि कोणाची नाही, हे आपण समोरच्याच्या डोळ्यांखाली बघून ठरवतो, आणि ते अगदीच चुकीचं नसतं.

अडचण वेगळीच आहे. रोज आठ तास झोपणाऱ्या, तब्येत ठणठणीत असणाऱ्या कितीतरी लोकांनाही ऑफिसात, लग्नाकार्यात, बसस्टॉपवर तेच ऐकावं लागतं. "काय गं, बरं नाही का?" "फार दमलेला दिसतोस रे." दहा वेळा ऐकलं की माणूस आरशात बघतो, पुन्हा बघतो, आणि मग इलाज शोधायला लागतो. मेडिकलच्या दुकानातल्या दोन-तीनशे रुपयांच्या ट्यूबपासून लाखाच्या आसपास जाणाऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळं बाजारात आहे. जाहिरातींमध्ये प्रत्येक उपचाराचे आधीचे आणि नंतरचे फोटो साधारण एकसारखेच दिसतात. त्यामुळे साहजिकच विचारलं जातं, "यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?"

या प्रश्नाला असं सरळ उत्तर नाही, आणि जो डॉक्टर चेहरा न तपासता ते देतो त्याच्यापासून सावध राहावं. डोळ्यांखालचा भाग थकल्यासारखा दिसण्यामागे निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. फिलरने, म्हणजे त्वचेखाली टोचायच्या जेलने, त्वचेचा तपकिरी रंग जात नाही. क्रीमने पुढे आलेली चरबी आत जात नाही. लेझरने खोलगट जागा भरून येत नाही. या क्षेत्रात जो पैसा वाया जातो, आणि जी इजा होते, ती बरेचदा उपचार वाईट असल्यामुळे नव्हे, तर चुकीच्या कारणावर योग्य उपचार केल्यामुळे होते. म्हणून आधी शरीररचना.

खालच्या पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलीमीटर जाडीची असते. अंगावर इतकी पातळ त्वचा दुसरीकडे नाही. गालाच्या त्वचेखाली चरबीचा थर असतो, पापणीच्या त्वचेखाली तो जवळजवळ नसतोच. त्वचा संपली की थेट डोळा मिटणारा गोलाकार स्नायू लागतो, आणि स्नायू म्हणजे रक्ताने भरलेला, लालसर-जांभळा. त्या स्नायूच्या मागे एक पातळ पडदा, आणि पडद्यामागे डोळ्याच्या खोबणीतली चरबी. डोळ्याला धक्का लागू नये म्हणून निसर्गाने ठेवलेली ही गादी खालच्या पापणीत तीन कप्प्यांत विभागलेली असते. वय वाढतं तसा हा पडदा सैल होतो आणि अभ्रा विरलेल्या उशीतून कापूस फुगून वर यावा तशी ती चरबी पुढे येते. त्यालाच आपण डोळ्यांखालच्या पिशव्या म्हणतो. त्याच सुमारास पिशवीच्या खाली, नाकाच्या बाजूने गालाकडे तिरकी उतरत जाणारी एक खाच खोल होत असते. तिथे स्नायू हाडाला घट्ट चिकटलेला असतो, तो हलत नाही. गालाची चरबी मात्र ओसरते आणि खाली घसरते, गालाचं हाडही वयानुसार थोडं मागे सरतं. वर फुगवटा आणि खाली खाच, त्यामुळे छतावरच्या ट्यूबलाइटखाली उभं राहिलं की तिथे सावली पडते. ही सावली पुष्कळांना "काळं वर्तुळ" वाटते. त्वचेच्या रंगाशी तिचा काहीही संबंध नसतो.

तेव्हा चार गोष्टी अशा: त्वचेतला तपकिरी रंग, पातळ त्वचेतून दिसणारा रक्ताचा आणि स्नायूचा निळा-जांभळा रंग, खाच किंवा फुगवट्याची सावली, आणि सुरकुत्या पडून सैल झालेली त्वचा. आपल्याकडे तिशी-चाळिशीच्या माणसात यातल्या दोन-तीन एकत्र असणं हेच नेहमीचं.

त्यांचा अंदाज घरीच घेता येतो आणि तो घ्यावा. सकाळी खिडकीसमोर, उजेड थेट चेहऱ्यावर येईल असं उभं राहा. हातात आरसा धरा. डोक्यावरचा दिवा बंद. समोरून प्रकाश आल्यावर काळेपणा बराच कमी झाला, तर ती सावली होती. आता बोटाने खालची पापणी हलकेच बाजूला ताणा. रंग तसाच राहिला तर तो त्वचेतला तपकिरी रंग. ताणल्यावर जांभळेपणा उलट वाढला, तर त्वचा पातळ आहे आणि खालचं रक्त दिसतं आहे. मग मान स्थिर ठेवून फक्त नजर छताकडे न्या. फुगवटा ठळक झाला तर ती चरबी, कारण वर बघताना डोळा चरबीला पुढे ढकलतो. नजरेने काही फरक पडत नसेल, सूज सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असेल, आदल्या रात्री पापड-लोणच्यासह जेवण झाल्यावर ती हमखास वाढत असेल, तर ते पाणी आहे. पाण्याच्या सुजेवर सुरी चालवून उपयोग नाही. ती कायम राहत असेल तर थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. सौंदर्योपचाराचा विचार त्यानंतर.

आता तपकिरी रंगाकडे वळू, कारण भारतीय त्वचेत त्याचा वाटा फार मोठा आहे आणि सर्वाधिक चुकाही तिथेच होतात.

हा रंग पुष्कळदा घराण्यातून येतो. आई, मावशी, आजी यांचे जुने फोटो काढून बघा, उत्तर तिथेच सापडेल. असा रंग अनेकदा पौगंडावस्थेतच दिसू लागतो. कोलकात्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं आहे की बऱ्याच भारतीय चेहऱ्यांवर डोळ्यांभोवतीचा हा काळसरपणा गालाच्या बाजूला असणाऱ्या नैसर्गिक रंगरेषेचाच विस्तार असतो. म्हणजे तो आजार नाही, त्वचेच्या रंगाची मूळ मांडणीच तशी आहे. तो पूर्ण घालवून देतो असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. थोडा फिकट करता येतो, इतकंच.

घराण्याखालोखाल येतं चोळणं. ज्यांना धुळीची, परागकणांची अ‍ॅलर्जी आहे, सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका येतात, ते दिवसभर डोळे चोळत असतात. घासण्याने त्वचा दुखावते, दुखावलेली सावळी त्वचा मेलॅनिन सोडते, आणि वर्तुळ गडद होत जातं. नाक चोंदलेलं असलं की डोळ्यांखालच्या शिरांतलं रक्तही तुंबतं, त्यामुळे निळेपणाची भर पडते. अशा माणसाला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे अ‍ॅलर्जीचा नीट इलाज. त्याचा खर्च लेझरच्या एका सत्रापेक्षा कितीतरी कमी. काजळाची किंवा केसांच्या कलपाची अ‍ॅलर्जी हेही नेहमीचं कारण. कलप डोक्याला लावतात, पण पापणीची त्वचा इतकी नाजूक असते की खाज आणि काळेपणा आधी तिथे उमटू शकतो. काचबिंदूसाठी लॅटानोप्रोस्ट किंवा बिमॅटोप्रोस्ट यांसारखे थेंब घालणाऱ्यांच्या पापण्या काळवंडू शकतात, शिवाय डोळ्याभोवतीची चरबी ओसरून डोळे खोलही जाऊ शकतात. अशा वेळी थेंब आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. नेत्रतज्ज्ञांना सांगून दुसरं औषध मिळतं का ते विचारावं. आणि डोळ्यांभोवतीसोबत मानेवर, काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल, तर रक्तातली साखर तपासावी. तो इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा इशारा असू शकतो.

कारण हाताळल्यावर क्रीम. रोजचं सनस्क्रीन हा पाया आहे, आणि सावळ्या त्वचेसाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन जास्त चांगलं, कारण आपल्या त्वचेत केवळ अतिनील किरणांनीच नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग वाढतो. व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, कोजिक अ‍ॅसिड, अगदी कमी टक्केवारीचं रेटिनॉल यांचा परिणाम होतो, पण हळू. तीन महिने नियमित लावल्याशिवाय मत बनवू नये.

इथे एका गोष्टीवर मला थांबायचं आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस यांनी वांगावर एक मिश्रण मांडलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे वापरलं तर ते आजही उत्तम औषध आहे. आपल्याकडे त्याची आणि त्याहून तीव्र स्टेरॉइडच्या मिश्रणांची वाट लागली ती काउंटरवर. "गोरं व्हायची क्रीम द्या" म्हटलं की मेडिकलवाला एक ट्यूब काढून देतो. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरोखर उजळतो, म्हणून मैत्रिणीला सांगितलं जातं, बहिणीला दिलं जातं. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, आणि ट्यूब थांबवली की आग होते म्हणून ती पुन्हा लावली जाते. डोळ्यांखाली हे दुप्पट वाईट. आधीच अर्धा मिलीमीटरची त्वचा आणखी विरते, खालचा जांभळेपणा जास्त दिसतो, म्हणजे ज्यासाठी लावलं तेच वाढतं. महिनोन्‌महिने लावलेलं स्टेरॉइड डोळ्याचा दाब वाढवू शकतं, मोतीबिंदू आणू शकतं. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर बरीच वर्षं आवाज उठवला आणि २०१८ साली सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकलं. दुकानात ती आजही मागितली की मिळतात. घरात अशी ट्यूब असेल तर तिच्यावर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही छापलं आहे का ते आजच बघा.

पील, म्हणजे रसायनाने त्वचेचा वरचा थर सोलणं, आणि लेझर हे तपकिरी रंगावरच चालतात, पण त्यांना आपल्याकडे हात जपून लावावा लागतो. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेल्या तत्त्वावर आजचे लेझर उभे आहेत. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश ठरावीक रंगद्रव्यालाच तापवतो आणि आजूबाजूची त्वचा वाचते. गोऱ्या त्वचेत हे सोपं जातं. आपल्या त्वचेत मात्र जिकडेतिकडे मेलॅनिन आहे, त्यामुळे लेझरला त्याचं लक्ष्य आणि आजूबाजूची साधी त्वचा यांतला फरक कमी कळतो. उष्णता जरा जास्त झाली की भाजल्याजागी नवा काळेपणा येतो, जो आधीच्यापेक्षा गडद असू शकतो. म्हणून १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर, तोही कमी ताकदीने, बऱ्याच सत्रांत विभागून, हा सावळ्या त्वचेसाठी त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग मानला जातो. सौम्य लॅक्टिक अ‍ॅसिडचं पीलही त्याच विचारातलं. "एकाच सिटिंगमध्ये रिझल्ट" हे वाक्य ऐकलं की उठून यावं. लेझर पापणीच्या कडेपर्यंत जाणार असेल तर डोळ्यात बुबुळावर धातूचं संरक्षक कवच बसवतात. नुसता काळा चष्मा लावून तिथे लेझर मारणं चूक आहे.

निळ्या-जांभळ्या रंगावर आपल्या हातात तुलनेने कमी आहे. कॅफिन असलेल्या क्रीमने शिरा काही तास आकसतात, थंड चमच्यानेही तेवढंच होतं. रेटिनॉलने महिन्यांनंतर त्वचा थोडी जाडसर होते. स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट काढून टोचण्याची पीआरपी पद्धत सध्या जोरात आहे. तिच्यावरचे अभ्यास छोटे आहेत, परिणाम माणसागणिक बदलतो, आणि मला तरी तिच्यावर मोठं पॅकेज घेण्याइतका भरवसा वाटत नाही. त्याआधी हिमोग्लोबिन तपासणं जास्त शहाणपणाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. चेहरा फिकट पडला की डोळ्यांखालचा गडदपणा उठून दिसतो. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आठ आहे तिला लोहाच्या गोळ्यांची गरज आहे, आणि ती फक्त चेहऱ्यासाठी नव्हे.

खाचेचा प्रश्न आला की फिलर येतं. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे असतात. हे द्रव्य १९३४ साली कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून. आपल्या त्वचेतही ते असतं आणि पाणी धरून ठेवतं. प्रयोगशाळेत त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून जेल बनवतात, म्हणजे ते लवकर विरघळत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठी असं फिलर २००३ मध्येच मान्य केलं होतं, पण खास डोळ्यांखालच्या खाचेसाठी पहिली मान्यता दिली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. मधली अठरा-एकोणीस वर्षं डॉक्टर ते तिथे वापरत होतेच, फक्त अधिकृत शिक्क्याशिवाय. ही जागा किती अवघड आहे ते यावरून कळावं.

काम कसं चालतं ते बघू. बधिर करणारं मलम लावून अर्धा तास थांबवतात. बसलेल्या अवस्थेतच खाच पेन्सिलने आखून घेतात, कारण आडवं झालं की ती बदलते. मग गालावर एक बारीक छिद्र करून बोथट टोकाची लांब नळी, म्हणजे कॅन्युला, आत सरकवतात आणि हाडालगत, स्नायूच्या खाली, अगदी थोडं जेल सोडतात. एका बाजूला अर्धा मिलीलिटरही बऱ्याचदा पुरतं. हाडालगत खोल राहणं इथे फार महत्त्वाचं. जेल त्वचेखाली उथळ राहिलं तर त्यातून विखुरलेला प्रकाश निळसर दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. काळं वर्तुळ घालवायला गेलेली व्यक्ती निळं वर्तुळ घेऊन परत येते. शिवाय जेल पाणी ओढतं. ज्यांना आधीच सकाळी डोळ्यांखाली सूज येते, त्यांच्यात फिलरनंतर ती महिनोन्‌महिने राहू शकते, कधी वर्षभरानंतरही उद्भवते. पॅकेटवर वर्षभराचा टिकाऊपणा लिहिलेला असला तरी या कमी हलणाऱ्या जागेत ते त्याहून बराच काळ राहू शकतं. म्हणून "वर्ष झालं, टच-अप करू" या सूचनेला लगेच हो म्हणू नये.

सगळ्यात गंभीर धोका रक्तवाहिनीत जेल जाण्याचा. चेहऱ्याच्या काही धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. दाबाने जेल उलट्या दिशेने ढकललं गेलं, तर ते दृष्टिपटलाच्या धमनीत अडकतं. कॅनडातल्या बेलेझ्ने आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली जगभरातल्या वैद्यकीय नोंदींतून फिलरनंतर दृष्टीला इजा झालेले ९८ रुग्ण गोळा केले, आणि २०१९ मध्ये आणखी ४८. जगभर होणाऱ्या इंजेक्शनांच्या मानाने हा आकडा लहान आहे, बहुतेक घटना भुवयांमधल्या आणि नाकाच्या इंजेक्शनांतल्या आहेत, आणि पहिल्या ९८ मध्ये निम्म्याच्या आसपास स्वतःची चरबी टोचलेल्या होत्या. तरी रक्तपुरवठा तुटलेलं दृष्टिपटल साधारण तासा-दीड तासातच कायमचं मरू लागतं. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचा एक मोठा फायदा असा की हायल्युरॉनिडेज नावाच्या एन्झाइमने ते विरघळवता येतं. सूज, गाठ, निळेपणा तर त्याने बहुतेकदा जातो. दृष्टी वाचण्याची मात्र त्याने खात्री देता येत नाही. चरबी विरघळवायला तर काहीच नाही. म्हणून मी स्पष्टच म्हणेन: हे एन्झाइम फ्रिजमध्ये तयार नाही अशा ठिकाणी डोळ्यांखाली सुई लावून घेऊ नये. पार्लरमध्ये नाही, हॉटेलच्या खोलीतल्या "फिलर पार्टी"त नाही, दंतवैद्याच्या दवाखान्यात ऑफर आहे म्हणूनही नाही. सुईविना जेल मारणाऱ्या "पेन"विषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये उघड इशारा दिला आहे.

फिलर कोणाला शोभतं? खाच आहे पण पिशवी नाही किंवा नाममात्र आहे, त्वचा बऱ्यापैकी घट्ट आहे, सूज येत नाही, अशा माणसाला. योग्य माणसात त्याचा परिणाम खरोखर सुंदर असतो आणि खुर्चीतून उठताना दिसतो. पण मोठ्या पिशवीच्या खाली जेल भरून ती लपवायला गेलं, तर सगळा गालच फुगीर दिसू लागतो. असे चेहरे आता सिनेमात आणि समारंभांत पुष्कळ दिसतात.

पिशवीला शस्त्रक्रियाच लागते. पापणीच्या आतल्या लाल बाजूने छेद देऊन चरबी काढण्याची पद्धत पॅरिसमधले सर्जन ज्युलियन बुर्गे यांनी १९२०च्या दशकातच मांडली होती. बाहेर टाका नाही, व्रण नाही. पूर्वी चरबी सढळ हाताने काढून टाकत, आणि दहा वर्षांनी तेच डोळे खोल, कवटीसारखे दिसत. आता चांगले सर्जन ती शक्यतो फेकून देत नाहीत. पुढे आलेली चरबी खाली सरकवून खाचेवर पसरवतात, म्हणजे फुगवटाही जातो आणि खाचही भरते. त्वचा खूप सैल असेल तर पापणीच्या केसांलगत बाहेरून छेद देऊन थोडी त्वचा कमी करतात. इथे लोभ वाईट. दोन मिलीमीटर त्वचा जास्त गेली की पापणी खाली ओढली जाते, डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसतो, डोळा नीट मिटत नाही, कोरडा पडतो, आणि हे दुरुस्त करणं मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असतं.

काळं-निळं होणं दहा-पंधरा दिवस राहतं, अंतिम रूप दिसायला तीनेक महिने जातात. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यामागे रक्तस्राव होण्याचं प्रमाण एका मोठ्या अमेरिकी पाहणीत सुमारे दोन हजारांत एक आणि कायमची दृष्टी जाण्याचं सुमारे बावीस हजारांत एक असं आढळलं. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, काय काय घेता ते सगळं सर्जनला सांगायचं. हृदयासाठीची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवायची नाही. आणि पहिल्या दिवशी एका डोळ्यात प्रचंड वेदना, फुगत जाणारी सूज किंवा अंधूक दिसणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठायचा. एकदा येणारा खर्च मोठा वाटतो, पण चाळिशीच्या पुढच्या ठळक पिशवीला दरवर्षी फिलर आणि मशीनची सत्रं यांवर पैसे घालवण्यापेक्षा तो पुष्कळदा कमीच पडतो.

सुरकुत्यांबद्दल थोडक्यात. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या, हसताना पडणाऱ्या रेषांवर बोटॉक्स चांगलं काम करतं. खालच्या पापणीच्या मधोमध ते देऊ नये. तिथला स्नायू ढिला पडला की पिशवी आणखी लोंबते.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय विचारावं? पहिला प्रश्न उपचाराचा नकोच. "माझ्या डोळ्यांखाली नेमकं काय आहे?" हे विचारा, आणि उत्तर देण्याआधी त्यांनी पापणी ताणून, वर बघायला लावून, प्रकाश बदलून तपासलं का ते बघा. रंगासाठी त्वचारोगतज्ज्ञ, पिशवीसाठी प्लास्टिक सर्जन किंवा पापण्यांची शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ, ज्यांना ऑक्युलोप्लास्टिक सर्जन म्हणतात. खाचेसाठी यांपैकी कोणीही, पण ज्यांनी हे काम भरपूर केलं आहे असे. सिरिंजचं सील आपल्यासमोर फोडायला सांगा आणि खोक्यावरचा नंबरचा स्टिकर आपल्या फाइलमध्ये लावून घ्या. पुढे काही झालं तर आत काय आहे हे दुसऱ्या डॉक्टरला त्यावरूनच कळेल. आधीचा फोटो त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, मेकअपशिवाय काढायला सांगा. प्रकाश बदलला की उपचाराशिवायही निम्मं वर्तुळ गायब होतं, हे खिडकीसमोरच्या प्रयोगात तुम्ही पाहिलंच आहे.

लग्न तोंडावर आलं की दवाखान्यांत गर्दी वाढते. महिनाभरच हातात असेल तर नवीन पील, नवीन लेझर, पहिलं फिलर, यातलं काहीच सुरू करू नये. इजा झाली तर निस्तरायला वेळ उरत नाही. किंचित नारिंगी छटेचा करेक्टर आणि वर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर हा लग्नाच्या दिवसापुरता सर्वांत भरवशाचा उपाय आहे. फिलर करायचंच असेल तर दोन-तीन महिने आधी, शस्त्रक्रिया निदान चार-पाच महिने आधी.

आणि दोन-तीन कारणं एकत्र असतील, जे बहुतेकांचं असतं, तर क्रम पाळावा. अ‍ॅलर्जी, रक्तक्षय, थायरॉइड यांचा इलाज आधी. त्यासोबत सनस्क्रीन आणि क्रीम, तीन महिने. त्यानंतर पुन्हा खिडकीसमोर उभं राहून काय उरलं ते बघायचं. पिशवी आणि खाच दोन्ही असतील तर शस्त्रक्रिया आधी, फिलर लागलंच तर नंतर, कारण चरबी हलवल्यावर खाच किती उरेल हे आधी सांगता येत नाही. रंगाचं पील किंवा लेझर सगळ्यात शेवटी, शस्त्रक्रियेचं काळं-निळं पूर्ण ओसरल्यावर. सावळ्या त्वचेत मुरलेल्या रक्तातलं लोह काही महिने तपकिरी डाग ठेवून जातं, त्यातले बरेचसे आपोआप विरतात, आणि त्यांच्यावर घाईने लेझर मारलं तर ते पक्के होण्याची भीती असते.